थायमस आक्रसला: विषाने, भुकेने की भीतीने?

समजा, एका रासायनिक पदार्थाची २८ दिवसांची चाचणी झाली. रॅटना रोज ३०, १०० आणि ३०० मि.ग्रॅ. प्रति किलो असे तीन डोस दिले, शिवाय पदार्थ न दिलेला, तुलनेसाठीचा एक कंट्रोल गट ठेवला. शेवटी शवविच्छेदनात दिसलं, की ३०० च्या गटात थायमसचं वजन ४० टक्क्यांनी घटलंय आणि १०० च्या गटात १५ टक्क्यांनी. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागे, हृदयाच्या माथ्यावर टेकलेली दोन पाळ्यांची फिकट ग्रंथी. टी-पेशी इथेच घडतात आणि मग शरीरभर जातात. तेव्हा हा पदार्थ रोगप्रतिकारशक्तीला मारक आहे, असं लिहून मोकळं व्हायचं का?

इतक्यात नाही. उपाशी उंदराचाही थायमस आक्रसतो आणि सतत घाबरलेल्या उंदराचाही. विषारी डोस मिळालेला प्राणी तर बहुधा दोन्ही असतो: त्याची भूक गेलेली असते आणि रोज कुणीतरी त्याला पकडून नळी घालत असतं. पदार्थाने लिम्फोसाइट (टी-पेशींसारख्या पांढऱ्या रक्तपेशी) थेट मारले, की प्राण्याच्या हालांमुळे ते मेले, हे वेगळं करणं हा या सगळ्या शास्त्रातला सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्याची तयारी शवविच्छेदनाच्या टेबलावर नाही, तर पहिला डोस तयार करतानाच सुरू होते.

डोसचं गणित

प्रयोगशाळेत ‘उंदीर’ म्हणजे दोन वेगळे प्राणी: रॅट हा २००-३०० ग्रॅमचा आणि माऊस हा २०-३० ग्रॅमचा. तोंडावाटे २८ दिवस डोस देण्याच्या चाचणीची चौकट ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४०७ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेत आखून दिली आहे, आणि त्यासाठी पहिली पसंती रॅटला आहे. प्रत्येक गटात निदान ५ नर आणि ५ माद्या, तीन डोस-गट, एक कंट्रोल. म्हणजे कमीत कमी ४० प्राणी. तापमान २२ अंशांच्या आसपास, १२ तास उजेड, १२ तास अंधार. डोस सुरू होताना वय ९ आठवड्यांच्या वर नको. ही वयाची अट थायमससाठी कळीची आहे, कारण प्राणी वयात आला की थायमस आपोआप लहान होऊ लागतो. गटागटांत वयाचा फरक राहिला, तर पदार्थाचा काही संबंध नसताना थायमसच्या वजनात फरक दिसेल.

वरचा डोस असा निवडायचा, की विषारी परिणाम दिसावा पण प्राणी मरू नयेत आणि त्यांचे तीव्र हाल होऊ नयेत. खालच्या डोसला काहीच दिसू नये अशी अपेक्षा असते. दोन डोसमधलं अंतर साधारण २ ते ४ पट ठेवतात. वरचा डोस हावरेपणाने चढवला, की सगळे प्राणी आजारी पडतात आणि मग कुठल्याही अवयवातला बदल ‘आजारपणामुळे’ या एकाच खात्यात जमा होतो. रोगप्रतिकारशक्तीबद्दल काही शिकायचं असेल, तर माझ्या मते मधला डोस सर्वांत मोलाचा असतो: प्राणी खातोपितो, वाढतो आणि तरीही काहीतरी बदललेलं असतं.

आता मोजमाप. २५० ग्रॅमच्या रॅटला १०० मि.ग्रॅ. प्रति किलो डोस म्हणजे २५ मि.ग्रॅ. पदार्थ. द्रावणाचं आकारमान किलोमागे १० मि.लि. धरलं, तर त्याला २.५ मि.लि. जाणार, म्हणून द्रावण मिलिलिटरमागे १० मि.ग्रॅ.चं करायचं. तिन्ही गटांत आकारमान सारखंच राहतं, बदलते ती तीव्रता: ३, १० आणि ३० मि.ग्रॅ. कंट्रोल गटालाही तेवढंच, पण पदार्थाशिवायचं नुसतं माध्यम द्यायचं. नळी घालण्याचा आणि पोट फुगण्याचा त्रास सर्वांच्या वाट्याला सारखा आला, तरच तो हिशेबातून वजा करता येतो. रॅट वाढत असतो, म्हणून दर आठवड्याला निदान एकदा वजन करून आकारमान नव्याने काढावं लागतं.

पाण्यात न विरघळणारा पदार्थ बहुतेक वेळा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या पातळ द्रावणात घोटून देतात. अशा मिश्रणात गाळ बसतो. बाटली टेबलावर उभी राहिली, तर वरून सिरिंज भरल्यावर पहिल्या पिंजऱ्याला पातळ डोस मिळतो आणि शेवटच्याला दाट. मॅग्नेटिक स्टररवर मिश्रण फिरत असतानाच सिरिंज भरायची. शिवाय वरचा, मधला आणि तळाचा नमुना काढून तिन्हींतलं प्रमाण सारखं आहे ना, हे यंत्रावर तपासून घ्यायचं.

रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात आणखी एक छुपी अडचण असते: एंडोटॉक्सिन. हा काही जिवाणूंच्या आवरणाचा अंश. तो अगदी अल्प प्रमाणातही मॅक्रोफेज या भक्षक पेशींना चेतवतो आणि साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. जैविक प्रथिनं आणि अतिसूक्ष्म नॅनोकण यांच्यात तो हमखास शिरतो. मग ‘पदार्थामुळे दाह झाला’ असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते काम बाटलीतल्या जिवाणूंच्या अवशेषांचं असतं. इंजेक्शनने किंवा श्वासावाटे द्यायच्या पदार्थाची एंडोटॉक्सिन चाचणी आधी केलेली नसेल, तर पुढच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

नळीने डोस देताना

या पद्धतीला गव्हाज म्हणतात. टोकाला गुळगुळीत मणी असलेली सुई किंवा मऊ नळी तोंडातून अन्ननलिकेवाटे जठरापर्यंत न्यायची. सुईची लांबी प्राण्याच्या अंगाशी धरून आधीच मोजतात: नाकपुडीपासून शेवटच्या बरगडीपर्यंत, आणि तिथे खूण करतात. मानेमागची सैल कातडी धरून प्राणी उभा धरायचा, डोकं आणि पाठ एका रेषेत येऊ द्यायची, सुई तोंडाच्या कडेने आत न्यायची. ती स्वतःच्या वजनाने सरकत जाते. ढकलायची गरज पडली, तर तिथेच थांबून ती बाहेर काढायची. प्राणी धापा टाकू लागला किंवा सुई खुणेच्या आधीच अडली, तर ती श्वासनलिकेत असण्याची शक्यता असते.

रॅटला उलटी करता येत नाही. तरीही घाईघाईने ढकललेलं द्रावण अन्ननलिकेतून वर येऊन नाकात आणि फुप्फुसात जाऊ शकतं. रॅट फक्त नाकाने श्वास घेतो, त्यामुळे नाकाच्या अस्तराला झालेली जखम त्याला फार जाचते. असा प्राणी खाणं सोडतो, वजन गमावतो, त्याच्यावरचा ताण वाढतो आणि थायमस आक्रसतो. तीव्र द्रावणाने ही जखम जास्त होते, म्हणून वरच्या डोसच्या गटात हा प्रकार अधिक दिसतो आणि डोसनुसार वाढणाऱ्या विषारी परिणामासारखा भासतो. म्हणूनच श्वास घेताना आवाज करणारा प्राणी दिसला, की शवविच्छेदनात त्याचं नाक, अन्ननलिका आणि फुप्फुस तपासायलाच हवं. फुप्फुसात फेस, छातीत द्रव किंवा अन्ननलिकेला भोक सापडलं, तर तो मृत्यू पदार्थाच्या नावावर मांडता येत नाही.

डोसच्या आधी आठवडाभर प्राण्यांना हाताळून माणसाच्या हाताची सवय लावणं याला काही जण वेळेचा अपव्यय समजतात. ही समजूत घातक आहे. शांत हाताखाली वाढलेल्या प्राण्याचे हाल कमी होतात आणि आकडेही कमी विखुरतात. वजन किती घटलं की प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. २० टक्के ही सर्रास वापरली जाणारी रेघ आहे. मरायला टेकलेल्या प्राण्याच्या थायमसमधून काहीही शिकता येत नाही, त्यामुळे त्याला तिथवर जाऊ देण्याला शास्त्रीय कारणही उरत नाही.

रक्ताचंही असंच आहे. रॅटच्या शरीरात किलोमागे साधारण ६४ मि.लि. रक्त, म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये १६ मि.लि. एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे १.६ मि.लि.पेक्षा जास्त काढू नये आणि मग दोन आठवडे थांबावं. वरचेवर रक्त काढत राहिलं, तर अस्थिमज्जा भरपाईच्या कामाला जुंपली जाते, प्लीहा मोठी होते, आणि हा बदलसुद्धा पदार्थाच्या माथी मारला जातो.

शवविच्छेदनाचा दिवस

कंट्रोल गट सकाळी उरकून वरचा डोस दुपारी घेणं ही सर्वांत स्वस्तात टाळता येणारी चूक. रॅटचं ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन. ते दिवसाच्या सुरुवातीला कमी असतं आणि अंधार पडण्याच्या सुमारास शिगेला पोहोचतं. शिवाय दुपारच्या प्राण्यांनी दिवसभर पिंजऱ्यांची हलवाहलव सोसलेली असते. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिसळायचा: प्रत्येक गटातला एक, मग पुन्हा प्रत्येक गटातला एक. ज्या खोलीत प्राणी मारले जातात, तिथे पुढचे पिंजरे आणून ठेवायचे नाहीत.

छाती उघडली, की थायमस चरबीत लपेटलेला दिसतो. त्याला लागून लहान लिम्फ नोड, म्हणजे प्रतिकारपेशींच्या गाठीही असतात. तरुण रॅटमध्ये ही ग्रंथी ५०० मि.ग्रॅ.च्या आसपास धरली आणि ५० मि.ग्रॅ. चरबी चिकटून राहिली, तर चूक तिथेच १० टक्के झाली. आपल्या उदाहरणातल्या १०० च्या गटाची सगळी घट १५ टक्के आहे, हे लक्षात घ्या. चिमट्याने ग्रंथी दाबायची नाही, बाजूचा धागा धरून उचलायची. दाबलेल्या ऊतीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चिरडलेल्या दिसतात आणि वाचता येत नाहीत. साफ केली की ताबडतोब वजन करायचं, कारण एवढीशी ऊती हवेत पाहता पाहता सुकते. सगळ्या गटांची साफसफाई एकाच हाताने झाली आणि त्या हाताला गट माहीत नसला, तर उत्तम. मग १० टक्के फॉर्मलिनमध्ये, ऊतीच्या निदान दहापट द्रवात बुडवायची.

प्लीहेच्या वजनाकडे जरा सावधपणे पाहावं. ती रक्ताने भरलेली पिशवीच आहे, आणि मारताना रक्त किती निथळलं यावर तिचं वजन डोलतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या, कॉर्टिकोस्टेरॉन बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी मात्र न चुकता मोजाव्यात. त्या अगदी लहान असतात, पण ताणाचा पुरावा त्याच देतात.

आता वाचन

दीर्घ ताणाची खूण अशी असते: थायमस लहान, अॅड्रिनल जड, रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल कमी, न्यूट्रोफिल जास्त, आणि सोबत वजनात घट. कॉर्टिकोस्टेरॉनने सर्वांत आधी मरतात त्या थायमसच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे कॉर्टेक्समधल्या अपरिपक्व टी-पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली हा थर विरळ झालेला दिसतो आणि मेलेल्या पेशींचे तुकडे गिळून बसलेल्या मॅक्रोफेजचे फिकट ठिपके त्यात उमटतात. अडचण अशी, की कित्येक पदार्थांच्या थेट माऱ्यानेही हेच चित्र उमटतं. नुसत्या काचपट्टीवरून निकाल लागत नाही, हे अनुभवी पॅथॉलॉजिस्टही मान्य करतात.

म्हणून आजूबाजूचे पुरावे गोळा करायचे. वजन आणि खाणं कंट्रोलइतकंच, अॅड्रिनलचं वजन जागच्या जागी, आणि तरीही थायमस हलका? तर संशय पदार्थावर. लिम्फोसाइटबरोबर न्यूट्रोफिलही घसरले आणि अस्थिमज्जा विरळ झाली? ताण न्यूट्रोफिल वाढवतो, घटवत नाही. म्हणजे इथेही पदार्थच. बेंझिन हे द्रावक आणि सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचं औषध यांचे परिणाम असे दिसतात. उलट थायमस फक्त त्याच प्राण्यांत लहान असेल ज्यांचं वजन घसरलंय, तर आधी ताणाचा विचार करावा. हे गटाच्या सरासरीत दिसत नाही. एकेका प्राण्याची रांग उघडून पाहावी लागते.

भुकेचा भाग वेगळा काढण्यासाठी जोडीने खाऊ घालण्याची पद्धत आहे: डोस मिळालेल्या प्राण्याने काल जितकं खाल्लं, तितकंच आज त्याच्या कंट्रोल जोडीदाराला तोलून द्यायचं. युक्ती चांगली, पण एका बाबतीत लंगडी. आजारी प्राणी भूक नसल्याने कमी खातो. जोडीदार भूक असताना अर्धपोटी राहतो, मिळालेलं झटक्यात संपवतो आणि उरलेला दिवस उपाशी काढतो. त्याचा ताण वेगळ्याच जातीचा.

डोस थांबवून १४ दिवस राखून ठेवलेल्या गटात थायमस पूर्ववत झाला, म्हणजे तो ताणच होता, असंही काही अहवालांत लिहिलेलं आढळतं. हा तर्क टिकत नाही. पदार्थाने थेट मारलेल्या पेशीही भरून येऊ शकतात.

पेशी मोजल्या, पण त्या काम करतात का?

खरा कस लागतो कामगिरीच्या चाचणीत. प्राण्याला एक निरुपद्रवी परकं प्रथिन किंवा परक्या पेशी टोचायच्या आणि तो किती अँटिबॉडी बनवतो, हे मोजायचं. यासाठी प्रतिजन (परका अंश) दाखवणारी पेशी, मदतनीस टी-पेशी आणि अँटिबॉडी बनवणारी बी-पेशी या तिघींनी एकमेकींशी नीट बोलावं लागतं; म्हणून एकीवरही घाव बसला तर आकडा पडतो.

जुनी आणि आजही भरवशाची पद्धत मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींची. नील्स येर्ने आणि अल्बर्ट नॉर्डिन यांनी १९६३ मध्ये ती दिली. मेंढीच्या पेशी शिरेतून टोचायच्या, चौथ्या दिवशी प्लीहा काढून तिच्या पेशी सुट्या करायच्या, त्या मेंढीच्या पेशी आणि गिनीपिगच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणारी प्रथिनं) यांच्यासह अगार या जेलीच्या पातळ थरात पसरून ३७ अंशांवर काही तास ठेवायच्या. अँटिबॉडी सोडणाऱ्या प्रत्येक पेशीभोवतीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लालसर थरात एक स्वच्छ वर्तुळ पडतं. एक वर्तुळ म्हणजे एक काम करणारी बी-पेशी. ही वर्तुळं डोळ्यांनी मोजता येतात, आणि थकलेली प्रतिकारशक्ती त्या काचेवर अक्षरशः दिसते. हल्ली कीहोल लिम्पेट या सागरी गोगलगायीचं प्रथिन टोचून रक्तातल्या अँटिबॉडी एलायझा या रंगावरून मोजणाऱ्या चाचणीने मोजतात. त्यासाठी प्राण्याला मारावं लागत नाही.

इथे घोटाळा होतो तो सुईशी. शेपटीच्या शिरेऐवजी बाजूच्या ऊतीत पेशी गेल्या, तर प्रतिसाद जवळजवळ येतच नाही, आणि निरोगी प्राणी प्रतिकारशून्य ठरतो. फसलेलं इंजेक्शन त्याच क्षणी वहीत नोंदवायचं. आकडा पाहिल्यावर ‘बहुधा सुई चुकली असेल’ म्हणणं अमान्य. मेंढीगणिक पेशींचा प्रतिसाद बदलतो, म्हणून नवी खेप आधी तपासून घेतात. सायक्लोफॉस्फमाइड दिलेला एक गट सोबत असतोच. त्यात वर्तुळं घटली नाहीत, तर चाचणीच फसली आहे.

प्रतिकारशक्ती दबते तशी भडकतेही

त्वचेवर अॅलर्जी आणणारे पदार्थ ओळखायला माऊसच्या लिम्फ नोडची चाचणी वापरतात, ओईसीडी क्रमांक ४२९. दोन्ही कानांच्या पाठीवर प्रत्येकी २५ मायक्रोलिटर द्रावण, सलग तीन दिवस. सहाव्या दिवशी किरणोत्सारी थायमिडिन शिरेतून द्यायचं आणि पाच तासांनी कानांजवळचे लिम्फ नोड काढायचे. थायमिडिन हा डीएनएचा घटक; विभागणाऱ्या पेशी तो उचलतात. कंट्रोलच्या तिप्पट किंवा जास्त मोजणी आली, तर पदार्थ संवेदक, म्हणजे अॅलर्जी आणणारा. समजा ५ टक्के द्रावणाला दुप्पट आणि १० टक्क्यांना चौपट प्रतिसाद आला. मग तिपटीची पातळी मधोमध, ७.५ टक्क्यांवर. हा आकडा जितका लहान, तितका पदार्थ जहाल.

नुसत्या जळजळीनेही पेशी वाढतात; सोडियम लॉरिल सल्फेट इथे खोटा होकार देतं. म्हणून कानाची जाडी मोजतात आणि ती २५ टक्क्यांहून जास्त वाढली, तर तीव्रता उतरवतात. निकेलची गोष्ट उलटी. माणसांत ते अॅलर्जीचं सर्वांत सामान्य कारणांपैकी एक, पण या चाचणीत निसटतं. कारण २०१० मध्ये उलगडलं: माणसाच्या पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहकावर (संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर) निकेलला धरून ठेवणारे हिस्टिडिन हे घटक आहेत, उंदराच्या ग्राहकावर नाहीत. २०२१ पासून ओईसीडीच्या ४९७ क्रमांकाच्या सूचनेत पेशींवरच्या आणि रासायनिक चाचण्यांची जोडणी करून प्राण्यांविना निर्णय घेण्याची रीत आली आहे, आणि या एका प्रश्नापुरती ती खरंच पुढे गेली आहे.

प्रजातींमधली दरी कधी कधी भयंकर असते. टीसीडीडी या डायॉक्सिनचा प्राणघातक डोस गिनीपिगमध्ये किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास, तर हॅमस्टरमध्ये १००० मायक्रोग्रॅमच्या वर. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ ही अँटिबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना किलोमागे ०.१ मि.ग्रॅ. दिली गेली. माकडांनी याच्या ५०० पट डोस पचवला होता. दीड तासाच्या आत सहाही जणांच्या शरीरात सायटोकाइनचा, म्हणजे दाह भडकवणाऱ्या संदेश-प्रथिनांचा वणवा पेटला; सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागातून. नंतर कळलं, की ज्या स्मृतिपेशींवर या औषधाने घाव घातला, त्यांच्यावर सीडी२८ हा या औषधाचा ग्राहक असतो, पण त्या जातीच्या माकडांतल्या तशा पेशींवर तो नसतोच. तेव्हा डोस कितीने भागायचा याआधी पाहावं लागतं, की औषधाचं लक्ष्य त्या प्राण्यात आहे का.

लक्ष्य सारखं असेल, तेव्हा भागाकार चालतो. आपल्या उदाहरणात परत येऊ. ३०० ला वजन घटलं आणि अॅड्रिनल जड झाल्या. तिथे थायमसबद्दल ठामपणे काही सांगता येत नाही. १०० ला वजन, खाणं, अॅड्रिनल सगळं कंट्रोलसारखं, थायमस मात्र १५ टक्क्यांनी हलका. मेंढीच्या पेशींच्या चाचणीत वर्तुळं घटली नसतील, तर ‘परिणाम नाही’ अशी सर्वांत वरची पातळी १०० धरता येईल. घटली असतील, तर ती ३० वर येते. प्राणी ते माणूस १० पट आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १० पट, अशा नेहमीच्या १०० ने भागलं, तर ६० किलोच्या माणसासाठी पहिल्या निकालाने दिवसाला ६० मि.ग्रॅ. येतात आणि दुसऱ्याने १८. चाचणी २८ दिवसांचीच असल्याने आयुष्यभराच्या संपर्कासाठी हे आकडे आणखी खाली आणले जातात.